ग्रुपचं नाव आंब्याचं लोणचं

नाव असं ठेवलं, की नवरे उघडत नाहीत.
पारबताबाईचा फोन तसाही पोराकडेच,
रात्री अकरानंतर हाती येतो, आठ टक्के चार्जिंगवर.

हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर
पाकिटं मोजता मोजता आणखी काय मोजतो,
हे रेवतानं पहिल्यांदा लिहिलं. नावासकट.

एकोणतीस जणींनी वाचलं.
निळ्या खुणा. बोललं कोणीच नाही.
मे महिना, इंदोऱ्यात घरोघरी कूलर घरघरत होते.

मेसेज पुसायला रेवतानं बोट ठेवलं
तेवढ्यात पारबताबाईचा आवाज येऊन पडला.
पन्नास सेकंद.
त्यातले चाळीस नुसता कूलर,
मग फोनला ओठ लावून, हळू:

माहंबी लिव माय त्याच्यात.
दोन हजार नऊपासूनचं.