हातउसने

पहाटेचे सव्वातीन. डंडीत नोव्हेंबर.
ज्याने त्याला ओढत दारापर्यंत आणलं
त्याला नाव विचारलं, तर म्हणाला, "स्ट्रुअन.
बाकी मला काही माहीत नाही,"
आणि टे नदीच्या दिशेने उतारावर पळत सुटला.
त्याच्या एकाच पायात बूट होता.

स्ट्रुअनचे ओठ शाई सांडल्यासारखे,
बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या,
श्वास मिनिटाला चार,
तेही आठवण झाली की घेतल्यासारखे.

मी हनुवटी उचलून मुखवटा धरला,
मोराग पिशवी दाबू लागली.
ती आकडे ओठांतल्या ओठांत मोजते,
विणताना टाके मोजावेत तशी:
तीन, चार, पाच, दाब.
मी छातीच्या हाडावर मूठ घासली,
दुखेल इतकी. हाक मारायची आमची रीत.
"स्ट्रुअन! डोळे उघड, राजा."
घरी मुलाला मी कधी राजा म्हटलेलं नाही.

जाकीट कापलं, मनगटापासून गळ्यापर्यंत.
शीर सापडेना. साऱ्या वाटा बुजलेल्या.
शेवटी मांडीतच सुई, आणि मग दोन मिनिटं.
दोन मिनिटं केवढी असतात
ते दुधावर नजर ठेवून उभं राहणाऱ्याला
थोडंफार ठाऊक असेल.

आला.
विहिरीतून ओढून काढल्यासारखा आला,
पहिला शब्द शिवी, दुसरा "जाकीट."
"भावाचं होतं ते. कुणी कापलं?"
मी म्हटलं, मी.
आभारांची सवय नाहीच आम्हाला.
इथे जागा झालेला माणूस आधी ओकतो, थरथरतो, भांडतो.
आम्ही त्याची झोप मोडलेली असते
आणि त्या झोपेसाठी त्याने
आठवड्याचे पैसे मोजलेले असतात.

"मी जातो."
जाता येतं त्याला. कुलूप नाही दाराला.
पण कसं सांगू, की हे श्वास
अजून तुझे नाहीत रे,
हातउसने आहेत,
शेजारून वाटीभर साखर आणावी तसे.
औषध तासाभरात उतरेल.
जे घेतलंस ते रक्तात बसून राहील,
वसुलीला आलेल्या माणसासारखं,
पायरीवर, घाई नसलेलं.

सांगितलं मी हे. गेल्या आठवड्यात
दुसऱ्या एकालाही सांगितलं होतं.
तो बसथांब्यापर्यंत गेला.

मग मी चहा आणला, तीन चमचे साखरेचा,
लोणी लावलेला टोस्ट आणला,
आणि पट्ट्यांच्या कपाटातून
रुंद पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ.
त्याच्यासमोर बसून बाही जोडायला घेतली,
घड्याळ बघत, मुद्दाम सावकाश.
खिशांकडे हात नेला नाही.
तेवढं पहिल्याच वर्षी शिकले.
"वाकडी लावतेयस," तो म्हणाला.
खरंच होतं. उपटून पुन्हा लावली.
"भाऊ कुठे असतो?"
तो टोस्टच्या कडा काढत राहिला,
लहान मुलं काढतात तशा.

चार वाजून दहा मिनिटांनी
त्याच्या हातातला कप कलला.
श्वास आठ. सात.
मोराग धावत आली नाही, ती तिथेच होती,
तिने अंगठ्याच्या मुळाशी
केसाएवढी एक शीर हेरून ठेवली होती.
या वेळी थेंब थेंब, सकाळपर्यंत पुरेल असं.
त्याने शिवी दिली नाही. डोळे उघडून
फक्त बाहीकडे पाहिलं.

चिकटपट्टीचं आख्खं रीळ संपलं.
वहीत कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं: डावी बाही.

सहाला दाराशी कुणी तरी उभं.
दोन्ही पायांत बूट, एक दंवाने पांढरा.
"उशाला दिला होता त्याच्या," असं काहीसं पुटपुटला,
मी विचारलंही नव्हतं.
आत यायला तयार नाही.
उंबऱ्यावरूनच, माझ्याकडे न बघता,
"आहे का तो?"

"आहे," मी म्हटलं.
"चहा घेणार?"