भिंतीखालचं बूच

सगळे नळ बंद.
कूलर भरून झालेला, मोटर बंद,
तरी मीटरमधलं ते इवलं लाल चक्र
फिरतच होतं,
झोपेत कुणी पायाचा अंगठा हलवावा तसं.

बिल तिप्पट आलं तेव्हा मी मुलावर ओरडलो,
मग कुंदावर, मग कूलरवर.
फरशीला कोणी काही बोललं नाही.
पूर्वेच्या भिंतीशी ती गार असायची एप्रिलपासून.
बाहेर सेहेचाळीस डिग्री,
आणि मांजर तिथेच पोट टेकून पडलेली.
आम्ही म्हणायचो, हुशार आहे हो मांजर.
होतीच.

हिवराज खोब्रागडे रात्री दोनला आला.
"दिवसा काही ऐकू नाही येत भाऊ.
मानेवाडा रोड झोपला पाह्यजे आधी."
हेडफोनवालं यंत्र होतं त्याच्या पिशवीत,
पण आधी निघाली एक चार फुटी सळई.
एक टोक फरशीवर, दुसरं कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटलेले.
पंखा बंद. फ्रिज बंद.
कुंदानं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या.

स्वयंपाकघरात काही नाही.
मोरीत काही नाही.
बैठकीत तो गुडघ्यांवर सरकत गेला
थेट पूर्वेच्या भिंतीपर्यंत,
आणि थांबला तो थांबलाच.
मग सळई माझ्या हाती दिली.
"ऐकू येऊन राह्यलं का?"

आधी माझंच रक्त ऐकू आलं.
मग त्याच्या मागे, फार खाली,
दातांच्या फटीतून कुणी हवा सोडावी
तसा एक बारीक आवाज,
दम न घेणारा.

"भिंतीखाली आहे," तो म्हणाला.
"पलीकडं कोण राह्यते?"

पलीकडे वामन राहतो. माझा मोठा भाऊ.
बारा वर्षांपूर्वी ही भिंत घातली आम्ही,
चार इंची, दोन दिवसांत,
मिस्त्रीला जास्तीचे पैसे देऊन.
अंगण वाटलं, गच्ची वाटली,
आईच्या पितळी घंगाळावरून तीन दिवस गेले.
मीटर वेगळे झाले.
कोब्याखालची जुनी लोखंडी लाइन कोणी वाटली नाही.
वामनकडे जाणाऱ्या तोंडाला
मीच बूच मारलं होतं, सुतळी गुंडाळून,
घट्ट. फार घट्ट.
खालची काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते,
वर कोण राहतं ते विचारत नाही.

त्याच्याकडचं लिंबू भर मे महिन्यात
कशानं लगडलं, ते मला त्या रात्री कळलं.

सकाळी दार वाजवलं.
वामन बनियनवर, हातात अर्धी दाढी केलेला ब्रश.
जिन्यावर चार वाक्यं जुळवली होती मी.
तो म्हणाला, "फोडावं लागते का?"
"हो."
"किती?"
"दीड फूट. अर्धं तुझ्याकडे."
त्यानं दिवाण सरकवायला घेतला.
एक बाजू मी धरली.

दुपारपर्यंत घरभर सिमेंटची धूळ,
चहावर साय आल्यासारखी.
बूच निघालं ते हातात चुरलं,
ओल्या गुळासारखं.
हिवराजनं जुनी लाइन कापली, नवा पाइप टाकला,
जोड चिकटवून म्हणाला,
"उद्यापर्यंत पाणी सोडू नका. आजचा दिवस काढा कसाबसा."

तो दिवस, ती रात्र
भिंतीखाली वीतभर भोक उघडं होतं.
त्यातून वहिनीची जोडवी दिसायची,
कुकरच्या शिट्ट्या यायच्या,
मांजर तर जाऊन जेवून आली.
सहा वाजता त्यातूनच एक पाइप सरकत आला
आणि वहिनीचा आवाज:
"बादली लावा. उगाच सांडू नका."

फरशी जुळणारी मिळाली नाही,
इतवारीत तीन दुकानं पालथी घातली.
एकाच खोक्यातल्या दोन घेतल्या, पिवळट,
एक इकडे, एक तिकडे,
दोन्हीकडे सारख्याच वाईट दिसतात.

चक्र थांबलंय.
तरी काल रात्री दोनला मी उठलो,
पडद्याची सळई काढली, पिवळ्या फरशीवर टेकवली.
आवाज नव्हता.
मग पलीकडे कुणीतरी खोकलं,
अगदी खाली वाकून खोकावं तसं जवळून.
मी सळई तशीच धरून राहिलो.
तेवढ्यात त्यांचा कूलर सुरू झाला,
आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.