परधाड्याला थांबते ती

सुपडूदादा जिनिंगच्या वजनकाट्यावर असतो.
दिवसभर ट्रक मोजतो: भरलेला, रिकामा, वजाबाकी.
संध्याकाळी पाचोऱ्याच्या पुलावर उभा राहून
गाड्या मोजतो.
तिथे वजा काही करत नाही.

वही जिनिंगचीच, लांबोडकी.
'गाठींची संख्या' या रकान्यात डबे,
'पार्टीचे नाव' इथे इंजिन.
शेरा तेवढा शेराच.

पहिला आकडा बघ, म्हणतो,
ते गाडीचं आडनाव.
एक नि दोन म्हणजे लांबचे पाहुणे,
आपल्याकडे पाणीसुद्धा न पिणारे.
पाच असला की पॅसेंजर, घरची.
सहा म्हणजे मेमू, तीही घरचीच, जरा शिकलेली.
आणि शून्य दिसलं तर हंगामी समज,
लग्नातल्या वाढप्यासारखी,
पंगत उठली की ओळख नाही.

रविवारी भुसावळहून एडविन येतो,
आजोबा वाफेच्या इंजिनावर होते म्हणून
अजून कोळशाबद्दल ऐटीत बोलतो.
यावलचा नसीर तडवी येतो,
डोळे मिटून, नुसत्या खडखडाटावरून सांगतो
डबे जुने निळे की नवे लाल.
तिघं पुलावर भेळ खातात
आणि भांडतात.

सगळ्यात मोठं भांडण झालं
पाचाची एका रात्रीत शून्य झाली तेव्हा.
तीच गाडी, तेच डबे, खिडकीची तीच मोडकी झडप,
दहाचं तिकीट तीस.
एडविन म्हणाला, कागदावर एक्स्प्रेस म्हणजे एक्स्प्रेस.
नसीर म्हणाला, भाड्याने एक्स्प्रेस, चालीने पॅसेंजर,
वहीत दोन्हीकडे अर्धी अर्धी लिहू.
दादाने भेळेचा कागद चुरगळला.
"परधाड्याला थांबते ती पॅसेंजर.
मग तिला कोणी महाराणी म्हणेना का."

परधाडे म्हणजे काय तर
एक निंब, एक बाक,
उतरणारे तीन, चढणारे दोन,
आणि एक बकरी, जिची नोंद कोणत्याच वहीत नाही.

माझं सासर शेंदुर्णी.
मला दोनच प्रकार ठाऊक होते:
मला माहेरी आणणारी गाडी,
आणि बाकीच्या.
आणणारी होती पीजे, अरुंद रुळांची,
सायकलवाला तिच्या पुढे जायचा
आणि वळून हात करायचा.

पीजे कोणत्या खान्यात, यावर तिघांचं कधीच जमलं नाही.
एडविन म्हणे संग्रहालयात.
नसीर म्हणे खेळण्यांत.
दादा तेव्हा आवाज चढवायचा:
"खेळण्यात बसून बाया बाळंतपणाला येत नाहीत!"

मी आले होते. सातवा महिना.
वरखेडीच्या अलीकडे गाडी उभी, पुढे म्हैस.
गार्ड खाली उतरून चालत आला,
त्याच्या बाटलीतलं पाणी मला दिलं,
मग म्हशीकडे गेला.
हा कुठला वर्ग, कोणाला विचारू?

मागच्या आठवड्यात एसटीने आले,
दादा अंघोळीला गेला म्हणून वही उघडली.
पीजे बंद झाल्याला वर्षं लोटली,
ते रूळही आता काढलेत.
तरी प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलीने:
पीजे. आली: कोरं.
उशीर: चालू.

विचारलं तर टॉवेलने कान पुसत म्हणाला,
"रद्द झाली असं मास्तरने येऊन सांगावं लागतं.
मला कोणी सांगितलं नाही."

संध्याकाळी मीही पुलावर गेले.
खालून लाल डब्यांची एक धडधडत निघाली,
न थांबणारी, धुळीने आमचे दात भरले.
दादा ओरडून आकडे सांगत होता, मी लिहीत होते,
बावीस गाठी,
पार्टीचं नाव ऐकूच आलं नाही.