पहिल्या फेरीच्या आधी

पास्कू मास्तर रासईचा.
नदीच्या पलीकडून यायचा, क्लॅरिनेटची पेटी
छत्रीसारखी काखेत मारून,
आणि फेरीबोटीतून उतरताना चपला हातात घ्यायचा,
भरती असो नसो.
आमच्या जत्रेच्या नाटकाला साथ त्याची,
एकतीस वर्षं.

देवनागरी त्याला येत नसे.
पदं त्याने पाच रेघांवर टाचून ठेवलेली,
खाली रोमी अक्षरांत शब्द, हवे तिथे तोडलेले.
शाबा पेटीवाला म्हणायचा,
ह्या वहीत आपली नांदी
मिसाला निघाल्यासारखी दिसते.

उल्हास च्यारी, दिवसा सोनारकाम, रात्री नायिका,
पदर दातांत धरून विंगेत अडायचा,
मास्तरचा सूर लागेतो पाऊल टाकायचा नाही.
एका वर्षी तो ओळ विसरला. सपशेल.
प्रॉम्प्टर मी. माझी दोन पानं एकदम उलटलेली.
तेवढी जागा मास्तरने भरून काढली,
किती वेळ कोण जाणे.
पुढच्या रांगेतल्या बायका
खाज्याचा तुकडा गालात तसाच धरून बसल्या.
ओळ आठवली तेव्हा
उल्हासला ती म्हणावीशी वाटेना.

मडगावात त्याने एकदा कॅसेट काढली.
पाचशे प्रती. कव्हरवर कोटातला फोटो,
कोट फोटोवाल्याचा.
खपल्या साठ-सत्तर.
मी घेतली नाही.
म्हटलं, दर वर्षी ऐकतोच की फुकट.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.
पणजी रेडिओवर एक दुपार, दहा मिनिटं;
आमच्या ट्रान्झिस्टरचे सेल
तेव्हा पत्र्यावर उन्हात वाळत होते.

उरलेल्या कॅसेटींच्या फिती
आपोलिनाने उसवल्या
आणि भात पिकल्यावर खाजनात बांधल्या,
या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत, पाखरं उडवायला.
वारा सुटला की घूं घूं करत.
मास्तर बांधावर उभा राहून म्हणायचा,
"आयक रे, आत्ता सुरात आली."
पाखरं येतच राहिली.

खरं तर नाटकातलं त्याचं वाजवणं
मला आता नीटसं आठवत नाही.
आठवतं ते नंतरचं.
भैरवी झालेली, पडदा गुंडाळलेला,
नायिका खोबरेल लावून गाल पुसते आहे,
आणि पहिली फेरी सहाला.
मास्तर दुर्भाटच्या धक्क्यावर
सुंगटांच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी बसून वाजवायचा.
विचारलं तर म्हणायचा, रीड सुकू नये म्हणून.
काय वाजवायचा?
आम्हाला वाटे, त्यांच्या चर्चमधलं काहीतरी.
पलीकडचे म्हणत, हिंदूंचं, देवळातलं.
पदेर सायकल आडवी टाकून उभा राही,
पाव निवत.
कप्तान बाबल इंजिनाला हात लावत नसे.
सहाची सहा-दहा व्हायची.
घाईतली माणसं शिव्या द्यायची,
पण हळू आवाजात.

तो जाऊन अकरा वर्षं झाली.
पाटी नाही, पुतळा नाही, शाल-नारळ एकदा,
तोही दुसऱ्याच्या सत्कारात उरलेला.
मोबाइलवर नाव घातलं तर
भलताच कुणी पास्कोल येतो, फुटबॉल खेळणारा.
पण पदेराचा मुलगा भोंगा वाजवतो
तेव्हा दोन पोंप्यांच्या मधे
श्वासाएवढी जागा सोडतो.
त्याला विचारलं तर म्हणतो, बापाने शिकवलं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी
पहिली फेरी अजून उशिरा सुटते.
यंदा कप्तान नवा, पेडण्याहून बदलून आलेला पोरगा.
मी विचारलं, कोणासाठी थांबलास?
म्हणाला, माहीत नाही. जुन्या लोकांनी सांगून ठेवलंय,
आज थोडं थांबायचं.
धक्क्यावर एक कुत्रं होतं, आणि टोपल्या.
मग त्याने रॅम्प उचलला.

पलीकडे उतरताना पाहिलं,
चपला माझ्या हातात होत्या.
भरती नव्हती.