चढाकडचा गुडघा

या उतारावर सरळ उभं राहता येत नाही.
एक पाय नेहमी वर, एक खाली.
बावीस सुगी मी अशीच द्राक्षं तोडली,
आणि ओपोलेला परतले की सपाट रस्त्यावरही
तिरकी चालते. नवरा म्हणतो,
मोझेल पायात घेऊन आलीस.

फोल्कमारच्या मळ्यात माती नाहीच जवळजवळ.
काळानिळा दगड, पापुद्र्यापापुद्र्याचा,
शाळेत ज्यावर पहिला अक्षर गिरवतो तोच.
पाऊस त्याला खाली नदीकडे ढकलतो,
आणि हा माणूस फेब्रुवारीत
पाटीचे दगड पाटीत भरून
पाठीवरून पुन्हा वर नेऊन ठेवतो.
का, विचारलं तर म्हणाला,
हात लावून बघ, अंधार पडल्यावर.

बघितला.
चूल विझल्यावर तव्यात राहते
तेवढी ऊब होती.
वर मात्र थंडी, दात वाजवणारी.
वेल दोघांच्या मध्ये,
पायाशी ऊब, डोक्याशी गारठा.
तिथे साखर हप्त्याहप्त्यानं येते,
आणि दिवस जे उधळू पाहतो
ते आंबटपण रात्र पदराआड झाकून ठेवते.

(आंबट म्हटलेलं त्याला चालत नाही.
ताठ म्हण, म्हणतो.)

पलीकडच्या सपाटीवर यंत्र येतं
आणि जेवणाच्या सुट्टीआधी मळा रिकामा करतं.
इथे आम्ही सात जण, अकरा दिवस,
कंबरेला दोर बांधून.
धुकं उठेपर्यंत कात्रीसुद्धा बोटांना चिकटते.
सपाटीवरची वाइन त्यानं एकदा चाखवली,
पहिल्याच घोटाला मावशी म्हणणारी.
मग ही.
ही आधी गप्प बसली.
मग ओल्या दगडाचा वास, हिरवं सफरचंद,
आणि बऱ्याच वेळानं,
मी दुसरंच काही बोलत असताना,
गोड.

ग्लास त्यानं एका कललेल्या दगडावर ठेवला होता.
ग्लास वाकडा,
आतली वाइन नदीइतकी समतल.

यंदा वरच्या सात ओळी छाटल्याच नाहीत.
काटेरी जाळी पार खांबांवर चढली.
मुलगा ट्रिअरला विम्याच्या कचेरीत असतो,
रविवारी येतो, खालूनच हात करतो.
फोल्कमार आता पंचाहत्तराव्या पायरीवर थांबतो,
फुलं बघतोय असं दाखवतो.
तिथे फुलं नाहीत.

निघताना त्या सात ओळींची शेवटची बाटली
त्यानं माझ्या पिशवीत लोकरी मोज्यात गुंडाळून कोंबली.
बोगुमिवा हे नाव त्याला अजून नीट म्हणता येत नाही.

जानेवारीत उघडली.
बाहेर बर्फ, आत सपाट फरशी, सपाट टेबल,
ग्लास सरळ.
नवरा म्हणाला, पातळ आहे गं.
मी म्हटलं, थांब जरा.

आणि टेबलाखाली माझा डावा पाय
न विचारता
खुर्चीच्या आडव्या दांडीवर चढून बसला.