विरुपाक्षचा नंबर

खातं चौघांचं.
पासवर्ड वडगावात, मागावरच्या आमच्या खोलीत,
कॅलेंडरामागं भिंतीवर पेन्सिलीनं.
लिहिला रुकसार नदाफनं,
जी कॉलेजाकॉलेजांत सुरक्षेवर दोन-दोन तास बोलते.
खाली माग सुरू झाला की कॅलेंडर हलतं
आणि शेवटची दोन अक्षरं दिसतात.

आमचा कळफलक: जोडकळ.
स्पेसबार दाबून धरला की मराठीची कन्नड होते,
सोडला की परत मराठी.
फुकट. कोड उघडा, कुणीही वाचावा, कुणीही चुका काढाव्यात.
तरी आत कुठंच लिहिलेलं नव्हतं
की जगाशी बोलताना 'आम्ही' म्हणजे कोण.

सौम्या अंगडीनं नियम केले.
पोस्ट दोन्ही भाषांत, वर कुठली ते आलटून पालटून.
सोमवारी मराठी वर, तर एका गृहस्थानं आईवरून शिव्या घातल्या.
गुरुवारी कन्नड वर, तर दुसऱ्यानं.
दोघांचं शुद्धलेखन निर्दोष होतं.
आमचाच कळफलक.
पोस्टच्या शेवटी सही, एक अक्षर:
र, सौ, वि, आणि भरमाचा भ, म्हणजे मी.
नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला
खातं गप्प.

विरुपाक्ष गेला मागच्या उन्हाळ्यात.
भांडण 'ळ'वरून. तो कुठल्या कळीवर बसावा.
मी म्हणालो, तुमचा ळ, आमचा ळ,
आणि त्यातलं 'तुमचा' त्याला लागलं असावं.
खात्याला जोडलेला नंबर मात्र त्याचाच राहिला.
प्रत्येक बैठकीच्या वहीत एक ओळ आहे:
नंबर बदलणे, पुढच्या वेळी.

मग ती पहिली तारीख.
एका रस्त्यानं लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्यानं काळे.
मी टिळकवाडीत, दुसऱ्या गेटला अडकलेला,
मालगाडी सरता सरेना.
जे वाटलं ते लिहिलं.
माझ्या खात्यावरून, असं समजून.

अजून गार्डाचा डबा गेला नव्हता, रुकसारचा मेसेज:
भरमा, हे तू नाही, हे आम्ही बोललोय.

पुसायला गेलो, घाईत बाहेरच पडलो.
आत घ्यायला ते आता सहा आकडे मागत होतं
आणि आकडे गेले विरुपाक्षच्या खिशात, धारवाडला.

गेट उघडलं. मागून हॉर्न.
'गाडी काढ की गा!' कुणीतरी ओरडलं.
दीड वर्षानं मी त्याला फोन लावत होतो
आणि पहिल्याच रिंगला त्यानं उचलला,
म्हणजे त्यानं पोस्ट वाचली होती.
हातात फोन धरूनच बसला होता.
काय, का, कसं, काही नाही.
'बरकोळप्पा,' म्हणाला. लिहून घे बाबा.

नाल्कु. सोन्ने. एंटु. एंटु.
मी म्हणत गेलो, चार, शून्य, आठ, आठ.
एरडु. दोन.
एळु.

त्या एळुतला ळ
दोन वर्षं कोडमध्ये मी इकडून तिकडं हलवला,
पण ऐकला तो तेव्हा,
हॉर्नांच्या गोंगाटात, त्याच्या जिभेवरून.
कुणाचा होता ते मला सांगता आलं नसतं.

पोस्ट नऊ मिनिटं राहिली.
फोटो अजून फिरतात. दोन्हीकडं.
माफी मी लिहिली, दोन्ही भाषांत,
वर कुठली ठेवावी यावर अर्धी रात्र गेली.
शेवटी सही केली, भ.
इतका एकटा भ मी कधी टाइप केला नव्हता.

पुढच्या बैठकीत रुकसारनं वही बंद केली,
'पुढच्या वेळी' पुरे झालं म्हणाली,
आणि नंबर बदलला. बरोबरच होतं तिचं.
पासवर्डही बदलला, भिंत खरवडली.

आता काही अडलं तर आकडे तिच्याकडं येतात.
विरुपाक्षला फोन करायला
मला कारण उरलेलं नाही.
ळ अजून जुन्याच कळीवर आहे.
तेवढ्यावरून भांडता येईल.