मॅकेन्सन, एकास दोनशे

भोसरीच्या गाळ्यात, शिफ्ट सुटल्यावर,
केरू लोणकर सागवानाची अडीच हात फळी तासतो
जर्मन युद्धनौकेच्या कण्यासाठी.

'तोफा जरा बारीक, पण चिलखत जाड.
आणि पोटात कप्पेच कप्पे.
बायकोचा मिसळणाचा डबा बघ,
हळद भिजली तरी मोहरी कोरडी.'

चिलखताला पत्रा गोडेतेलाच्या डब्याचा.

मी विचारलं, खरी कुठं बुडाली?

रंधा थांबला.
'बुडायला आधी पुरी व्हावी लागते.
पाण्यात ढकलली, पण तोफा चढल्याच नाहीत.
युद्ध संपलं. मग कापून भंगारात.'

बाहेर वजनकाट्यावर
भंगाराचा टेम्पो डुलत उभा.

त्यानं भुसा फुंकला,
कानामागची पेन्सिल काढली
आणि तिसऱ्या तोफेची जागा आखली.